अरुस्याकचा वाटा आणि डावीकडचं स्टिअरिंग

माझी स्मरणशक्ती चांगली आहे, हे मी स्वतः सांगत नाही, सगळं ग्युम्री सांगतं. आर्मेनियातल्या या गावाला सोव्हिएत काळात लेनिनाकान म्हणत तेव्हा मी मोज्यांच्या कारखान्यात होते. आमच्या पाळीतल्या एकेचाळीस बायकांची नावं मी आजही ओळीने म्हणून दाखवते, कुणाचा नवरा पीत होता त्यासकट. म्हणूनच त्या एका नाण्याच्या बाबतीत जे झालं ते मला अजून टोचतं. पण नाण्याच्या आधी गाडी आली, तेव्हा गाडीपासूनच सांगते.

गाडी झावेनने आणली. झावेन म्हणजे माझा नवरा. चाळीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेला माणूस घरात बसला की दर दोन तासांनी उठून खिडकीतून रस्ता बघतो. ऑक्टोबरात तो शेजारच्या जॉर्जियात जुन्या गाड्यांच्या बाजारात 'नुसता बघायला' म्हणून गेला आणि एक निळी जपानी गाडी घेऊन आला. गाडी आतून इतकी स्वच्छ की मी बूट काढून बसले. सगळं अंगण गोळा झालं, "डोळ्यांना उजेड, वार्सेन, डोळ्यांना उजेड!" असं अभिनंदन केलं, आणि नव्या वस्तूची मेजवानी झाल्याशिवाय हलले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी अरुस्याकला फोन केला. इथेच माझी चूक झाली.

अरुस्याक माझी धाकटी बहीण. अठ्ठ्याऐंशीच्या भूकंपानंतर दीड वर्षाने ती अमेरिकेला गेली, तेव्हा तिला येरेवानच्या विमानतळावर पोचवायला गावात एकही धड गाडी मिळाली नाही. झावेनचा ट्रक बंद पडलेला. शेवटी बेकरीच्या गाडीतून नेली, मागे पावाच्या रिकाम्या ट्रेंवर बसवून. कोट पिठाने पांढरा झाला. तिकडे ग्लेंडेलमध्ये ही गोष्ट ती दर लग्नात, दर बारशाला सांगते आणि सगळे पोट धरून हसतात. ते तिला हसत नाहीत, आम्हाला हसतात. आणि आता इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा येणार होती, मार्चमध्ये, शनिवारी दुपारी.

"टॅक्सी करू नकोस," मी म्हटलं. "आमची गाडी येईल घ्यायला."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग ती म्हणाली, "तुमची? स्वतःची?"

तो 'स्वतःची' मी पाच महिने कानात घेऊन फिरले.

दोष एकच होता. स्टिअरिंग उजवीकडे. काही देशांत सगळेच उजवीकडे बसून चालवतात म्हणे आणि सुखाने जगतात. आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. झावेनला वाटलं होतं, एवढ्या तेवढ्याला कोण बघतंय. नोंदणीच्या कचेरीतल्या मुलीने बघितलं.

"आजी, नवा नियम आहे. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीची आता नोंदणी होत नाही."

"पण गावात किती फिरतात!"

"त्या नियमाच्या आधीच्या. तुम्ही स्टिअरिंग डावीकडे घ्या, तपासणी केंद्रातून पास करून आणा, मी लगेच नंबर देते."

हे ती 'जरा सरकून बसा' म्हणाल्यासारखं म्हणाली.

अंगणात आल्याबरोबर सल्ले सुरू झाले. ग्युम्रीत माणूस आजारी पडला तर डॉक्टर नंतर येतो, सल्ला आधी येतो. सिरवार्द माझी शेजारीण. कॉफी पिऊन झाली की कप उलटा करून गाळात भविष्य बघते. तिने माझा कप बघितला आणि म्हणाली, "वार्सेन जान, रस्ता दिसतोय, पण त्यावर कुणीतरी आडवं उभं आहे."

"कोण?"

"टोपी आहे डोक्यावर."

मला त्या दिवसापासून टोपीवाला कुणीही दिसला की धडकी भरायची.

मिसाक तिचा मुलगा. अंगणाच्या टोकाला त्याचं गॅरेज आहे. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. "झावेन काका, सोपं आहे. तुम्ही मागे तोंड करून बसा. उजवी बाजू आपोआप डावी होते."

सगळं अंगण हसलं. झावेन हसला नाही. मग मिसाकने बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "पंधरा दिवस द्या." म्हणजे दोन महिने.

त्या दोन महिन्यांत मी जे बघितलं ते कुठल्याही घरधनिणीने बघू नये. गाडीचं अख्खं पोट बाहेर काढून माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडलं होतं, कारण गॅरेजमध्ये गारठा होता. आम्ही डिसेंबरभर मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो. मधोमध डॅशबोर्ड आडवा पडलेला, तारा लोंबत. पाहुणे आले की मी त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकायचे, तर तो मयतासारखा दिसायचा.

नव्या वर्षाच्या आसपास स्टिअरिंग डावीकडे आलं. ब्रेक मात्र उजवीकडेच राहिला, कारण त्याचा एक सुटा भाग यायचा होता. मिसाक म्हणाला, तोवर अंगणातल्या अंगणात फिरवून बघा. मग आठवडाभर झावेन डावीकडे बसून स्टिअरिंग धरायचा आणि मी उजवीकडे बसून ब्रेक.

"दाब!" तो ओरडायचा.

"ओरडू नकोस! कधी दाबायचा ते मला दिसतंय!"

"दिसतंय तर दाब ना!"

एकदा मी दाबला नाही, आणि सिरवार्दचं लोणच्याचं पिंप गेलं. तिने काहीही न बोलता घरात जाऊन माझा कप पुन्हा बघितला. त्या आठवड्यात मला एक कळलं. सत्तेचाळीस वर्षं आमचा संसार असाच चालला होता, फक्त तोवर कुणी आम्हाला गाडीत बसवून दाखवला नव्हता.

ब्रेक डावीकडे आला, तर कळलं की उजवीकडे वळायचा दिवा लावला की डावीकडचा लागतो. ते सुधारलं, आणि फेब्रुवारीत आम्ही तात्पुरती नंबर प्लेट घेऊन तपासणी केंद्रात गेलो. मी थर्मासमध्ये कॉफी घेतली. न घेता कशी जाणार?

तिथे तोरगोम होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, लाल कानांचा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि, मी बघताच थर्मास पोटाशी धरला, टोपी. छताला एक कॅमेरा, कोपऱ्यात दुसरा. हल्लीच सगळं सुधारलं होतं, कुणी कुणाकडून काही घ्यायचं नाही म्हणून.

मी कप पुढे केला.

"नको आजी. नियम आहे."

"कॉफीला कसला नियम?"

"तुमची गाडी माझ्यासमोर आहे ना, म्हणून. तुमच्याकडचं पाणीसुद्धा चालत नाही."

ग्युम्रीत आपली कॉफी कुणी नाकारली तर त्याची दोनच कारणं असतात. एक तर तो मेलेला असतो, नाहीतर त्याच्या आजोबांनी आपल्या आजोबांची गाय चोरलेली असते. तोरगोम श्वास घेत होता. मी झावेनला हळूच विचारलं, याच्या घरच्यांशी आपलं काही आहे का? झावेन म्हणाला, गप्प बस.

पहिल्या वेळी दिव्यांनी घात केला. जपानी दिवे रस्त्याच्या चुकीच्या कडेला उजेड टाकतात. मिसाकने नवे बसवले. दुसऱ्या वेळी मागे धुक्याचा लाल दिवा नव्हता. तो बसवला. तिसऱ्या वेळी सगळं ठीक होतं, पण तोरगोमने कागद वर केला आणि त्याचे कान आणखी लाल झाले.

"आजोबा, ही गाडी चोवीस सालची आहे?"

"म्हणजे?"

"इथे लिहिलंय. बनावटीचं वर्ष, चोवीस. कचेरीत त्याचं एकोणीसशे चोवीस केलंय."

जपानी लोक त्यांच्या सम्राटाच्या कारकिर्दीपासून वर्षं मोजतात, ते भाषांतर करणाऱ्याने तसंच उतरवलं होतं, आणि कचेरीतल्या मुलीने पुढे एकोणीस जोडले होते. मी हबकले. चोवीस साली आमच्या गावाला लेनिनचं नाव मिळालं. म्हणजे कागदोपत्री लेनिन गेला आणि आमची गाडी आली.

"मग तर हिला पेन्शन मिळायला हवी," झावेन म्हणाला.

तोरगोमच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग त्याने वर कॅमेऱ्याकडे बघितलं आणि कोपरा जागेवर ठेवला.

तो कागद सुधारून यायला तीन आठवडे गेले. दर रात्री अरुस्याकचा फोन. "गाडी कशी आहे?" मी म्हणायचे, छान आहे. "स्टिअरिंग?" डावीकडे, अगदी डावीकडे, शंभरदा सांगितलं तुला. एव्हाना माझं जेवण सुटलं होतं, आणि झोपेत मी पाय आपटायचे. झावेन म्हणतो मी ब्रेक दाबत होते.

आणि मग तो बुधवार आला, मिचिंकचा. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासाच्या बरोबर मधला दिवस. त्या दिवशी लोणी-अंड्याशिवायचा जाड रोट भाजतात आणि पिठात एक नाणं दडवतात. ज्याच्या वाट्याला नाणं येतं त्याच्या हाती वर्षभर त्या घरचं भाग्य, आणि त्याला घरचाच माणूस धरतात, मग तो शेजारी असो की वाटसरू. मी पाच वाटे केले. मी, झावेन, सिरवार्द, मिसाक आणि पाचवा अरुस्याकचा. दूर असलेल्याचा वाटा कुणी मोडत नाही, तो फडक्यात बांधून ठेवायचा.

चौघांनी खाल्लं. नाणं कुणालाच नाही.

"याने गिळलं असेल," सिरवार्द मुलाकडे बघून म्हणाली. "हा कधी चावतो का?"

"अरुस्याकच्या वाट्यात असेल," झावेन म्हणाला. "जे चांगलं असतं ते अमेरिकेला जातंच."

मी भांडी घासायला गेले, आणि पिठाच्या डब्यामागे, फळीवर, ते नाणं. पाचशे द्रामचं, मी स्वतः धुऊन पुसून ठेवलेलं. घालायचं विसरले होते! मी! एकेचाळीस बायका नवऱ्यांसकट आठवणारी मी! मी ते ॲप्रनच्या खिशात टाकलं आणि कुणालाही सांगितलं नाही. ठरवलं, शुक्रवारी दुसरा रोट भाजायचा, त्यात घालायचं, आणि अरुस्याकला तो वाटा द्यायचा. कुणाला काय कळणार आहे. फडक्यातल्या तुकड्याचं आता काही मोल नव्हतं. तो नुसता रोट होता.

गुरुवारी चौथी तपासणी, आणि तात्पुरत्या नंबर प्लेटचा शेवटचा दिवस. परवा अरुस्याक. झावेनला साखर आहे, रांग लांब असते, म्हणून निघताना मी तो तुकडा पिशवीत टाकला.

त्या दिवशी सगळं सुरळीत होत गेलं, आणि याचीच मला भीती वाटत होती. दिवे ठीक. ब्रेक ठीक. वर्ष ठीक. झावेन तपासणीच्या खड्ड्यावर उभ्या गाडीत बसून सांगेल तसं स्टिअरिंग फिरवत होता. फक्त शिक्का राहिला होता. बारा वाजून गेले होते, आणि तोरगोमच्या पोटात एवढ्या जोरात गुरगुरलं की मला वाटलं गाडीचंच काहीतरी सुटलं.

"सकाळपासून काही खाल्लं नाहीस का रे?"

"उपास धरलाय आजी. कँटीनमध्ये सगळं लोण्याचं आहे."

मी फडकं सोडलं. "मिचिंकचा रोट आहे. ही काही कॉफी नाही, देवाचा घास आहे. याला नाही म्हणतात का?"

त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं. तुकड्याकडे बघितलं. शेवटी कॅमेऱ्याकडे पाठ करून त्याने तुकड्याचा मोठा घास घेतला.

कट्.

तो चावायचा थांबला. दोन बोटांनी तोंडातून काहीतरी काढलं. पाचशे द्रामचं नाणं. माझा हात आपोआप ॲप्रनच्या खिशाकडे गेला, पण ॲप्रन घरी होता आणि त्यातलं नाणंही.

"आजी," तो अगदी हळू म्हणाला, "हे तुम्ही काय केलंत?" मग वळला, नाणं कॅमेऱ्यासमोर उंच धरलं आणि खड्या आवाजात म्हणाला, "वेळ बारा वाजून बारा मिनिटं. मी मागितलेलं नाही!"

इतक्यात गाडीच्या खिडकीतून झावेनने डोकं बाहेर काढलं. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "मिळालं का तुला? शाबास! मीच घातलं होतं ते!"

रांगेतला एकजण गाडीतून उतरून नीट बघायला पुढे आला.

"तू घातलंस?" मी ओरडले.

"तुझं फळीवरच राहिलं होतं. म्हटलं तू विसरलीस, तुला वाईट वाटायला नको, म्हणून मी माझं दाबलं पिठात."

सत्तेचाळीस वर्षांत माझ्यावर एवढी दया कुणी केली नव्हती, आणि ती करायला त्याला हीच वेळ सापडली.

केंद्रप्रमुख बाई आल्या. जाड चष्मा, गळ्यात मफलर. त्यांनी नाणं बघितलं, उरलेला तुकडा बघितला, वासही घेतला.

"काल मिचिंक होता," त्या म्हणाल्या.

"होता हो बाई, होता!" आम्ही दोघं एकदम.

"हा कुणाचा वाटा?"

"माझ्या बहिणीचा. अमेरिकेतून परवा येतेय. तिला आणायलाच तर ही गाडी..." आणि मला रडू आलं. जाहीर, कॅमेऱ्यासमोर.

बाईंनी चष्मा पुसला. "मला समजतंय. पण अर्जात भाग्याचा रकाना नाही. तोरगोम, तू अर्जदाराच्या हातचं खाल्लंस. ही फाइल आता तुझ्याकडे राहणार नाही. दुसरा तपासनीस मंगळवारी रजेवरून येईल, तो बघेल. तोवर गाडी इथेच."

नाणं तोरगोमने झावेनपुढे धरलं. झावेनने हात मागे घेतले. माझ्यापुढे धरलं, मीही घेतलं नाही. घरचं भाग्य परत घेतात का? शेवटी बाईंनीच ते नाणं खणात टाकलं. आम्ही बसने घरी आलो. झावेन सबंध रस्ता उजवीकडच्या खिडकीशी बसला, आणि मी दर थांब्याला पाय दाबत होते.

शुक्रवारी अंगणात पुन्हा सल्ले. सिरवार्द म्हणाली, "सांग, गाडी धुवायला दिलीय." मी म्हटलं, मार्चमध्ये, या चिखलात? मग टॅक्सी कर म्हणाली. टॅक्सीतून उतरून बहिणीला 'ही आमची' कसं म्हणायचं?

मिसाकला माझी दया आली. "मावशी, काळजी करू नका. मी उद्या एक गाडी बघतो."

शनिवारी सकाळी मी पडदा सारला, आणि अंगणात ती उभी होती. मिसाकच्या मेहुण्याची पांढरी गाडी. बाजूला मोठी गव्हाची लोंबी रंगवलेली. बेकरीची.

मी खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांनी पुन्हा पावाच्या ट्रे! आता तर ती ग्लेंडेलला परत गेल्यावर हीच गोष्ट दुप्पट लांब करून सांगणार.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर तोरगोम, टोपी हातात. टोपीशिवाय तो कुणाच्याही घरचा मुलगा दिसत होता.

"आजी, आज मला सुट्टी आहे," तो म्हणाला. "आणि मी आता तुमच्या फाइलवर नाही."

"मग?"

"मग आता कॉफी चालते."

मी कॉफी केली. त्याने दोन कप घेतले. सिरवार्दने त्याचा कप उलटा करून बघितला आणि विजयाने म्हणाली, "बघ, रस्ता मोकळा!" मग तो संकोचून म्हणाला, "मी विचारलं घरी. आमची आजी म्हणाली, नाणं तुला मिळालं म्हणजे तू त्या घरचा, मग त्या घरचं माणूस आणायला कोण जाणार? माझी गाडी बाहेर आहे."

आम्ही बाहेर गेलो. हिरवी, जुनी, चकचकीत धुतलेली. मिसाकने खिडकीतून आत डोकावलं आणि किंचाळला.

"अरे, हिचं स्टिअरिंग उजवीकडे आहे!"

तोरगोमचे कान पेटले. "नियमाच्या आधीची आहे. कायदेशीर आहे."

"आणि आम्ही पाच महिने..." झावेन म्हणाला.

"नियम नंतर आला, आजोबा," तो म्हणाला, आणि दार उघडून धरलं.

येरेवानच्या विमानतळावर अरुस्याक तीन बॅगा घेऊन बाहेर आली. ती म्हातारी झाली होती. ती म्हणते मीच झाले होते. रडून झालं, हसून झालं, आणि मग तिने तो प्रश्न विचारला, दोन रात्री ज्याची मी उत्तरं घोकत होते.

"गाडी कुठाय? तुमची, स्वतःची?"

मी तिच्या बॅगेचा पट्टा उगाच सरळ करू लागले. तोरगोम पुढे झाला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत रोटाचा तो उरलेला तुकडा, त्याच्या दातांच्या खुणांसकट. "हा तुमचा मिचिंकचा वाटा," तो म्हणाला. "अर्धा मी खाल्ला. माफ करा."

अरुस्याकने तुकडा हातात घेतला, वास घेतला, आणि तिथेच, सगळ्या गर्दीत, चावला. डोळे मिटून चावत राहिली. मग डोळे उघडले.

"नाणं होतं यात?"

"होतं," झावेन म्हणाला.

"कुणाला मिळालं?"

मी तोरगोमकडे बोट दाखवलं. अरुस्याक कितीही वर्षं बाहेर राहिली तरी लेनिनाकानचीच. तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, त्याच्या लाल कानांसकट, आणि मोठी बॅग त्याच्या हातात दिली.

"म्हणजे हा घरचाच," ती म्हणाली. "मग गाडी आपलीच की. कुठली?"

त्याने हिरव्या गाडीकडे हात केला. ती ताठ मानेने चालत गेली, शेजारच्या सीटवर बसायचं म्हणून पुढचं उजवं दार उघडलं, कोट सावरून आत बसली, आणि समोर बघितलं.

"वार्सेन," आतून आवाज आला, "हे तुम्ही डावीकडे घेतलं होतं ना?"